पाठ

किलोच्या भावाने आली ती.
साखर पेठेतल्या चिंध्यांच्या गोदामात
जुन्या स्वेटरांच्या गाठोड्यातून
एक कोपरा बाहेर लोंबत होता.
एकशे ऐंशी रुपये. धूळही वजनात धरली.

पुण्याच्या अडसुळांना या गालिच्यांचा नाद.
फोटो पाहून म्हणाले, कुर्दी. जाफ टोळीची.
घोड्यावर टाकायच्या पिशवीचं तोंड, शंभरेक वर्षांचं.
पण पुढून काय दाखवता? पाठ दाखवा.

मला हसू आलं.
आमच्या चादरीला पाठ नसतेच,
दोन्हीकडून तोंड.
उलटली की लालाचा पांढरा होतो, पांढऱ्याचा लाल,
मोर तसाच उभा.
छत्तीस वर्षं मी तोंडं तपासली
ट्यूबलाइटखाली, हातात खडू घेऊन.
रंगात फरक, फुली. धागा सुटला, फुली.
फुलीमागे दोन रुपये.

ही उलटी केली.
कणसात ज्वारी भरावी तशा गाठी,
लोकरीवर लोकर, कडेला बकरीचे राठ केस,
आणि चौकटींमधून चाललेला निळा
मध्येच, काही न सांगता, फिका.
माझा हात खिशात खडू शोधू लागला.

तेव्हापासून सात झाल्या.
एकीला कसर लागलेली, एक अर्धीच.
बायको म्हणते, घोड्यांचा वास येतो.
येतो.
अडसूळ म्हणतात, भोक रफू करून घ्या, किंमत चढेल.
मी नुसता हं म्हणतो.

परवा मल्लेशम येलदी आला.
त्याच्या चादरींवर मी किती फुल्या मारल्या
ते आम्ही दोघंही बोलत नाही.
चष्मा कपाळावर सारून
त्याने पाठीवरून नख फिरवलं, डावीकडून उजवीकडे,
पुन्हा डावीकडे. थांबला.
"चेय्यि मारिंदी," म्हणाला.
हात बदललाय.
इथपर्यंत घट्ट, मुरलेली बाई.
इथून सैल. पोरगी असेल.
शेजारी बसवली असेल, शिक म्हणून.

मी वाकलो.
नख जिथे थांबलं होतं तिथे
मला काहीच दिसेना.
आणि हा निळा? विचारलं.
"भांडं संपलं रे. दुसरं भिजवलं. त्यात काय?"

चहा आला. त्याने बशीत ओतला,
फुंकर मारली,
आणि पिशवीकडे बघतच विचारलं,
"पोरीचे किती कापले असतेस?"