खाल्लं मीठ

बासष्ट हिवाळे या पुलानं मीठ खाल्लं.
क्युबेकच्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून
ट्रकच्या मागून फेकलेलं, भरड, मळकट मीठ.
सांध्यांतून झिरपलं, काँक्रीटच्या पोटात उतरलं
आणि आतल्या सळ्यांना जागलं
त्याच्या पद्धतीनं:
तांबूस, फुगीर, पापुद्र्या-पापुद्र्यानं.

मी हातोडी घेऊन आले मे महिन्यात.
एक वीत, ठोका. एक वीत, ठोका.
घट्ट जागी आवाज खणखणीत.
पोकळ जागी बद्द.
बद्द आला की पिवळ्या खडूनं गोल.
दुपारपर्यंत पुलाची पाठ
कांजिण्या आलेल्या पोरासारखी दिसू लागली.

खाली लूत्र नदी. लूत्र म्हणजे पाणमांजर.
मला एकही दिसलं नाही.

एक मार्गिका बंद, एक चालू.
या टोकाला मीरेय, हातात फलक:
एका बाजूला थांबा, दुसऱ्या बाजूला सावकाश.
शाळेची बस, दुधाचा टँकर, लाकडाचे ओंडके,
सगळ्यांना तिच्या मनगटावर वळावं लागे.
मयताची गाडी आली त्या दिवशी
तिनं वायरलेसवर पलीकडच्या पोराला सांगितलं,
आणि दोन्ही टोकांना थांबा झालं.
फक्त ती एक गाडी गेली, सावकाश.

तुळईखाली पाकोळ्यांची मातीची घरटी निघाली.
पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही, असा कायदा.
तीन आठवडे गास्तों कंत्राटदार
पक्ष्यांना दिवसाच्या भाड्यानं शिव्या देत होता,
आणि शेवटचं पिल्लू उडालं
तेव्हा मला फोन करून सांगणाराही तोच.

मग पाण्याच्या धारेनं फोडलं सगळं कुजकं.
ती धार सळीला धक्का न लावता
फक्त दगा देणारं तेवढं धुऊन नेते.
(माणसांसाठी असं यंत्र नाही.)
मग जॅक लावले, आणि एका पहाटे
अख्खा पूल आठ मिलिमीटर उचलला.
जुनी बेअरिंग काढली, नवी सारली.
कोणी खोकलंसुद्धा नाही.
नदी वाहत राहिली, तिला काय त्याचं.

ऑक्टोबरात दोन्ही मार्गिका खुल्या.
नवे सांधे रबराचे, पाणी न शिरणारे.
अहवालात मी लिहिलं:
सांध्यांचा आवाज नाही. समाधानकारक.

पूर्वेच्या टोकाच्या घरातून रोज-आल्माचा फोन आला.
वय एकोणनव्वद. तक्रार: झोप नाही.
"आवाज होतो का?"
"तेच तर. होत नाही."

तिच्या स्वयंपाकघरात बसले.
ती म्हणाली, तिसरा सांधा बोलायचा.
ठक, मग ठप्प. पुढची चाकं, मागची चाकं.
मधल्या अंतरावरून कळायचं कुणाची गाडी.
फिलिआसचा ट्रक ठक म्हणाला
की सूप गरम करायला ठेवायचे;
ठप्पनंतर दार वाजेपर्यंत उकळी यायची.
तो गेला त्याला अकरा वर्षं झाली.
"पण गाड्या तर येत होत्या ना. आता रात्री कुणी येतच नाही."

खिडकीत त्या वर्षीचा पहिला बर्फ.
मिठाची गाडी पुलावर चढली,
तिचा नारिंगी दिवा भिंतीवरून फिरला,
कपाटावरून, तिच्या गालावरून,
आणि निघून गेला.
काहीच वाजलं नाही.

तिनं बोटाच्या पेरानं टेबलावर ठोका दिला,
थांबली,
आणि मग दुसरा.
मी सवयीनं कान दिला.
खणखणीत की बद्द,
मला सांगता आलं नाही.