तोळामासा

आज दोन किलो सहाशे दहा.
कालच्यापेक्षा वीस कमी.
पिठाच्या तराजूवर टॉवेल अंथरून
मी तुला ठेवते, पेलेने,
आणि तू बसतेस, जणू आसन तुझंच.
शेपटी तेवढी ओट्यावर सांडलेली.
ती उचलून पुन्हा मोजावं लागतं.

एकतीस वर्षं मी क्लाइपेडाच्या धक्क्यावर क्रेन चालवली.
चाळीस मीटर उंच, काचेच्या पेटीत.
कंटेनर, ओंडके, एकदा तर रेल्वेचं अख्खं इंजिन
असं टेकवलं की खाली उभ्या माणसाच्या
कपातला चहा हलला नाही.
सगळं टनांत होतं.
ग्रॅमांनी मला कधी रडवलं नव्हतं.

गिंताउतासने तुला कोटाच्या खिशातून आणलं,
मासे धुरवायच्या भट्टीमागून,
राखेत लोळलेली, म्हणून नावही राखेचंच.
त्याला सोळा वर्षं झाली.
तो गेला तेव्हा तू त्याच्या बुटात झोपायचीस.
ते बूट मी अजून टाकले नाहीत,
तुझं नाव पुढे करून.

डॉक्टर स्कैस्तेने कागदावर
दोन मूत्रपिंडं काढली, घेवड्याच्या दाण्यांसारखी.
एकावर काट मारली.
दुसरं काळं करत करत गेली
आणि कडेला थोडं पांढरं ठेवलं.
किती दिवस, मी विचारलं.
ती पेनाचं टोपण शोधू लागली.

आता कोटाच्या खुंटीवर सलाईनची पिशवी.
वरच्या मजल्यावरचा योकूबास धरायला येतो,
अकरा वर्षांचा, नखं कुरतडलेली.
मानेमागची कातडी तंबूसारखी उचलायची, मग सुई.
पहिल्या दिवशी ती आरपार गेली,
पाणी सगळं माझ्या बाहीत.
माझे हात! ज्यांनी इंजिन टेकवलं ते.
योकूबास म्हणाला, वरून बघा ना मावशी,
तिकडून बघायचात तसं.
मग पाहिलं मी वरून:
फरशीचा धक्का, टॉवेलची होडी,
आत एकच नग, नाजूक,
ही बाजू वर.
सुई बसली.
खांद्याखाली पाण्याचं गाठोडं घेऊन
तू निघालीस हमालासारखी, मागे न बघता.

रात्री तीनला तू गालिचावर मुततेस
आणि मी ओरडते. खरंच ओरडते.
मग फडकं घेऊन गुडघ्यांवर बसते,
तर तू येऊन माझ्या पोटरीला कपाळ घासतेस,
जणू गालिचा मीच भिजवला
आणि तू एवढ्यावर सोडून देते आहेस.

डोळे मिटून दूध पिणारी तुझी जात.
दुधाकडे तू आता वळतही नाहीस.
डोळे मिटते ती मी,
तराजूचा आकडा थांबेपर्यंत.
आणि सांगूनच टाकते,
कधी कधी कडेला एक बोट ठेवते.
दोन किलो सातशे.
वहीत लिहिते.
धक्क्यावर एका वजनात खोट केली नाही मी,
आणि इथे, स्वयंपाकघरात, तुझ्यासमोर.

पहाटेपासून बाल्टिकवर वारा चढलाय.
बंदरातला भोंगा आत्ताच झाला,
क्रेन थांबल्या असतील.
भोंगा झाला की पहिला नियम:
लटकता माल आधी खाली.
हळू. तळ लागला हे दोरात जाणवेपर्यंत.
मगच आपण उतरायचं.
नियम मला पाठ आहे, पेलेने.
स्कैस्तेचा नंबर फ्रिजवर आहे.

आज नको.
आज तू हेरिंगच्या शेपटीचा तुकडा चाटलास.
खाल्ला नाहीस. चाटलास, दोनदा,
मग माझ्याकडे पाहिलंस, मीठ कमी पडल्यासारखं.
वहीत लिहिते: चाटला.
दोन किलो सहाशे दहा.
बोट न ठेवता.