तिरक्या रेघेचा एल

सगळं झाल्यावर उरलं होतं ते एवढंच काम.
एक्स्टेंशन तयार होतं: दोन-तीन कळा एकदम दाबा,
पानावरच्या ओळी अकारविल्हे लागतात.
चार महिन्यांच्या रात्री, आणि एवढंच.

पण कुठल्या कळा?
कंट्रोल-एसला हात लावायची कुणाची टाप नाही.
कंट्रोल-डी एडिटरने आधीच बळकावलेली,
एफ-बारा म्हणजे भररस्त्यातलं घर.
जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर,
जिथे आता तासावर टेबलं मिळतात,
बोग्ना कागदावर फुल्या मारत बसली:
घेतलेली, घेतलेली, हीसुद्धा घेतलेली.
रादोस्वाव कॉफी ढवळत म्हणाला,
"कंट्रोल-आल्ट-एल. एल म्हणजे लिनिया, ओळ.
कुणाचीच नाही ती."

तिच्या मशीनवर खरंच कुणाची नव्हती.
तिचं मशीन दुसऱ्या जातीचं.
रिकामं रान दिसलं, तिने खुंटी ठोकली.

ट्रॅमचे तीन थांबे पलीकडे
अंत्यविधीचं सामान मिळतं त्या दुकानात
पेलागिया मृत्यूच्या सूचना टाइप करते.
काळ्या चौकटीचा कागद, फाटकाशेजारच्या भिंतीवर लावतात.
त्याला तिथे जो शब्द आहे
तोच घटिकापात्रालाही.
घटका भरली की चिकटवायचा.
भाच्याने एडिटर फुकट टाकून दिला होता, वर हे एक्स्टेंशन:
"मावशी, याद्या आपोआप लागतील."

त्या भाषेत एक एल आहे, पोटातून तिरकी रेघ गेलेला.
उच्चार आपल्या व-च्या जवळचा.
लिहायचा तर उजवा आल्ट धरून एल;
आणि तिच्या जुन्या कॉम्प्युटरला
उजवा आल्ट म्हणजे कंट्रोल आणि आल्ट, दोन्ही एकदम.

मंगळवारी तिने लिहायला घेतलं:
इग्नात्सी, ट्रॅमचालक, वय एक्क्याऐंशी, वार
शेवटचं अक्षर दाबलं आणि ओळी पळाल्या.
आकडे वर. दफनाची वेळ जन्मसालाच्या आधी.
बायकोचं नाव तळाशी जाऊन बसलं.
वारला काही पुरा होईना.
होता होईना. जगला होईना.
एकट्या माणसाला, बाईला, मरायची सोयच राहिली नाही.
पुरुषांचा घोळका एकदम गेला तरच;
त्या अनेकवचनात रेघ लागत नाही.

आपल्यातही नाही का,
गेला, जेवली, निजलं, वारला:
भूतकाळ ल-वर येऊन टेकतो.
तो ल कुणी उचलून नेला
तर सगळे अजून उंबऱ्यातच उभे.

आणि शहर. त्याचं पहिलंच अक्षर ते.
वूच. अर्थ विचाराल तर नाव.
म्हणजे पाण्यावरची; नद्या मात्र रस्त्यांखाली गाडलेल्या.
नावाचंच नाव, आणि त्याचं वल्हं
बोग्नाच्या हातात.

पेलागियाने पत्र धाडलं.
त्यात एकही तिरकी रेघ नव्हती, क्रियापदं सगळी लंगडी.
बोग्नाला वाटलं कुणी परका, भाषा शिकतोय बिचारा.
मग तिने ते मोठ्याने वाचलं.
रादोस्वावने मान खाली घातली,
ज्याच्या स्वतःच्या नावात तो एल बसलेला आहे.

दुसरी जोडी शोधू, तो म्हणाला. शिफ्ट घालू. दोनदा दाबायला लावू.
ती काही बोलली नाही.
रात्री नऊला तिने ती ओळ खोडली
आणि तिथे काहीच लिहिलं नाही.
ज्याला हवी त्याने आपली खुंटी आपल्या दारात ठोकावी.

शुक्रवारी उत्तर आलं, दीड ओळीचं:
आभारी आहे. काल इथे दोघं वारले,
वेगवेगळे, शेवटच्या अक्षरासकट.