काचेखाली

रुवीत, सनद ऑफिसच्या जिन्याखाली
माझं झेरॉक्सचं यंत्र चौदा वर्षं उभं होतं.
सनद. शब्द घरून ओळखीचा,
आमच्या देवस्थानच्या इनामाची एक होती,
वाळवीनं निम्मी वाचलेली.
इथे सनद म्हणजे टोकन, रांग,
आणि ‘दोन कॉपी, दोन्ही बाजू’.
बताका काचेवर पालथा. झाकण. हिरवा उजेड.
पन्नास बैसा.

दत्ताराम भुवड, संगमेश्वर, क्रेनवर.
चष्मा विसरला की मोबाईलच पुढे करायचा,
तूच टाक रे पासवर्ड.
आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा सांगायचा:
मुलीचं नाव, मग तिचं जन्मसाल.
मुलगी केव्हाच गेली, हे मला
तो बदलायला लावताना कळलं.
नको म्हणाला. तेच राहू दे.
मी म्हटलं, निदान हळू सांगा.

ॲग्नेस लोपीस, नर्स, वसईची.
ती एकटीच पिन टाकताना दुसऱ्या हाताचा आडोसा करायची,
मेणबत्तीला वारा लागू नये म्हणून करतात तसा.
आधी मला राग यायचा.
मग मीही शिकलो त्या वेळी पाठ फिरवायला.
एसीच्या जाळीवरची धूळ
माझ्याइतकी कुणी पाहिली नसेल.

रुबिना तिसेकरचा फोन वाजला तो माझ्यासमोरच.
बँकेतून बोलतोय म्हणाला. मराठीत बोलला.
ताई म्हणाला.
परमुलखात कुणी ताई म्हटलं की
माणूस अर्धा उघडतो.
सहा आकडे आले, सहा आकडे गेले.
मी ट्रेमध्ये कागद भरत होतो. ऐकत होतो.
चौथ्या आकड्याला मान वर केली.
झाकली मूठ सव्वा लाखाची, आपण म्हणतो;
तिची चारशे तीस रियालांची होती
आणि ती तिनं एकेक बोट करत
मोठ्यानं मोजून उघडली.

मग मी पाटी लावली, तीन भाषांत:
आकडे कुणालाही सांगू नका.
लोक पाटी वाचायचे
आणि मला आकडे सांगायचे.

या मेमध्ये खलफाननं, मालकानं, यंत्र विकलं.
हमरियाचा माणूस सकाळी न्यायला येणार होता.
दुरुस्तीवाला जोजी जाता जाता म्हणाला,
याच्या पोटात डिस्क आहे, कॉपी काढताना ठेवून घेतं.
किती?
पुसली नसेल तर बरंच.

पुसायची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

रात्री शटर अर्धं ओढून मागचे चार स्क्रू काढले.
तळहाताएवढी डबी, अजून कोमट.
यात भुवड, दाढीचा आणि बिनदाढीचा.
पिन झाकणाऱ्या ॲग्नेसचा रक्ताचा रिपोर्ट, सताड उघडा.
रुबिनाची पोलिसांतली तक्रार, दोन प्रती.
कुणाचा निकाहनामा. एका पोराचा मृत्यूचा दाखला,
ज्याच्या सहा प्रती लागल्या होत्या
त्याला विमानात चढवायला.
चौदा वर्षं मी पाठ फिरवत होतो
आणि हे बघत होतं.

शेजारच्या गॅरेजातून हातोडा आणला.
पहिला घाव चुकला, लादी फुटली.
दुसऱ्याला आत काहीतरी खळ्ळकन विखुरलं,
बांगडीसारखं.

खलफान ओरडला. शंभर रियाल पगारातून.
हमरियाचा माणूस म्हणाला, नवीन बसवू,
काय त्यात.

काय त्यात.
माझाही एक कागद होता.
एका शुक्रवारी, दुकान बंद असताना,
मीच माझ्यासाठी काढलेली एकच प्रत.
कसला, ते सांगायच्या आत
तुम्ही जरा एसीच्या जाळीकडे बघा.