नाभी

वागळे इस्टेटीत बावीस वर्षं फिटर होतो.
कंपनी गेली, पाना माझ्याकडेच राहिला.
आता तळ्याकाठच्या छोट्या विज्ञान केंद्रात
मोडेल ते दुरुस्त करतो.

कुठलं यंत्र लोकांना काय शिकवतं
ते मला उडालेल्या रंगावरून कळतं.
कप्पीची दोरी वर्षात तीनदा तुटते.
भिंगाच्या पेटीचं बटण दाबून दाबून पार आत गेलंय.
ग्रहमालेवर मात्र धूळ,
शनीच्या कड्यांना हात लावायला मनाई आहे ना.
टिपणीस मॅडमचा फॉर्म विचारतो,
'आज आपण काय शिकलात? तीन मुद्दे लिहा.'
पोरं लिहितात, कॅन्टीन बंद होतं.

मंगळवारी कळव्याची शाळा आली.
पोरं आत रांगेत, आणि बसमधल्या सुगंधा मढवी
अंगणात, पोरांच्या बाटल्या सांभाळत.
तिथे दोन पत्र्याच्या पराती आहेत, पुरुषभर उंच,
चाळीस पावलांवरून एकमेकींकडे बघणाऱ्या.
कान कुठे ठेवायचा ते दाखवणारं कडं
माझ्या टेबलावर पडलेलं, वेल्डिंगला.
पाटी तेवढी जागेवर: 'कान नाभीपाशी आणावा.'
बाईंनी अक्षर अक्षर लावून वाचलं,
आणि एकट्याच हसल्या,
'बेंबीपाशी कान? कुनाच्या, बाय?'

आधी पत्र्यालाच कान चिकटवला. काही नाही.
मग हातभर मागे.
मग वीतभर पुढे, दोन बोटं डावीकडे,
पोटुशी लेकीच्या पोटाला कान लावून
बाई सरकते ना, तशा.
आणि थांबल्या.

पलीकडच्या परातीसमोर ड्रायव्हर इस्माईल
पत्र्याकडे तोंड करून पुटपुटत होता:
धाकटीची फी, क्लचप्लेट, भाडं,
चार हजार कमी.

बाईंनी मान वळवली नाही.
हळूच म्हणाल्या, 'पगार झाला का दोन देते रं मी.'

इस्माईल गर्रकन फिरला.
मागे कुणी नाही. ऊन, आणि बाटल्या.
मग त्यानं पत्र्यावर बोट वाजवून पाहिलं,
मागे जाऊन पाहिलं, वाकून खाली पाहिलं,
आणि परत तिथेच येऊन उभा राहिला,
या खेपेला जरा नीट.

त्या दोघांना फॉर्म कुणी दिला नाही.

कडं अजून माझ्या खणात आहे.
मॅडम दर सोमवारी विचारतात.
मी सांगतो, रॉड संपलाय.