हाताच्या जागी शिंपली

फादर व्हिगार तिसऱ्यांदा बोलावतात, मोजमापासाठी.
पूर्वेची खिडकी. कमिटीचं ठरलंय,
तो एक तुकडा काढून तिथे
नीट रंगीत काच बसवायची.
पैसे जहाजावरच्या पोरांनी पाठवलेत.
मी शिडीवर चढतो, टेप खिशात,
आणि टेप खिशातच राहते.

साष्टीतल्या आमच्या इगर्जीला सगळ्या खिडक्या शिंपल्यांच्या.
त्यांतून उजेड येतो तो ताकासारखा,
पातळ, कुणाच्याच अंगावर न ठरणारा.
ही एकटीच लाल-निळी, आगाऊ.
सकाळच्या मिसेला बाकांवर गुलाल उधळते
आणि तिसऱ्या बाकावरची आनामारी
कुरकुरत सरकून बसते,
डोळ्यांत जातो म्हणून.

खाली अक्षरं आहेत : इग्नेशियस.
या नावाचा गावात कोणी नव्हताच.
होता तो इनास, मानसवाला इनास,
भरतीला दार मिटतंय का ते बघणारा,
ओहोटीला जाळं लावून कोलंबी धरणारा,
विडीची उधारी कधीच न फेडलेला.
बहीण नैरोबीला, परक्यांची मुलं सांभाळायची.
तिने काचवाल्यांना लिहिलं, भाऊ पाण्यात गेला.
काचवाल्यांनी समुद्र काढला.
त्यांना खाजन काय ठाऊक,
मांडीएवढा चिखल, वर वीतभर भात,
आणि दार तुटल्यावर अमावास्येची भरती
शेतातून कशी चालत येते,
जराही घाई न करता.

तर समुद्रात पेद्रू बुडतोय.
येशू वाकून त्याला धरतोय.
मुरगाव बंदरात पेटी उघडली तेव्हा
गवताच्या काड्यांत सगळं शाबूत होतं,
लाटा, दाढ्या, दूरची होडीसुद्धा.
फक्त धरणारा हात फुटलेला.

चौकट बाबांनी केली, गुणो मेस्तांनी.
जुन्या खिडकीतली एक शिंपली घेतली,
कानशीने घासत बोटं कापायला बसले.
तिसऱ्या बोटाला ती तडकली.
मग दुसरी शिंपली. मग आणखी एक.
शेवटी बोटांचा नाद सोडला,
म्हणाले, मूठ मिटलेली असेल.
मजुरी घेतली नाही.
का, असं आईने विचारलं
तेव्हा भरल्या ताटावरून उठले.

पहिल्या दिवशी इनासची आई, सांतानमाय,
बराच वेळ मान वर करून उभी होती.
"ही दाढी कुणाची?
माझ्या इनासाला धड मिशी नव्हती."
मग मरेपर्यंत ती
खिडकीकडे पाठ करून बसली.

मडगावच्या हॉस्पिसियूत, शेवटच्या आठवड्यात,
तोंडावरचा मास्क बाजूला सारून बाबा म्हणाले,
"मानसाच्या दाराला माट्टीचं लाकूड लागतं.
त्या साली माट्टी मिळाली नाही.
मी आंबा लावला."
एवढंच.
मग तहान लागली म्हणाले.
मी चमच्याने पाणी पाजलं.
ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
बायकोलाही नाही.

इथून, अगदी जवळून,
शिंपलीवर कानशीचे ओरखडे दिसतात,
आडवे, बारीक, एका बाजूला जास्त खोल.
बाबा डावखुरे होते.
आठ वाजून गेलेत. खाली फरशीवर
रंगांचा सडा पडलाय
आणि त्यात एक जागा कोरी,
तळहाताएवढी.
झाडूवाली तिथे दोनदा झाडू मारते,
काही सांडलंय असं वाटून.

"किती इंच, मेस्त?" खालून फादर विचारतात.
शिडी त्यांनीच धरून ठेवलीय, दोन्ही हातांनी.
ऊन डोळ्यांवर आहे, फादर, मी म्हणतो.
जरा वर जाऊ दे.