सातवं ताट

डिझेलच्या पावत्या फाडते मी.
वेळकुंड मच्छीमार सोसायटी, मर्यादित.
होडीचं नाव, लिटर, सही.
पुस्तकात मधूनच एखादं पान कोरं सुटतं
तिथून मी मचवा हाकारते.

'सातवा खलाशी' आठवते कुणाला?
बुधवारी रात्री लागायची टीव्हीवर.
एकोणचाळिसाव्या भागात बंद पडली, कारण न सांगता.
मचव्यावर माणसं सहा, ताटं सात.
सातव्यात रोज भात वाढायचे
आणि पहाटे ते ताट घासूनपुसून पालथं.
कुणी घासलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गाव विसरलं.
आम्ही अकराजण नाही विसरलो.
कधी चौदा असतो, परीक्षांच्या दिवसांत नऊ.
सुकाणू, मिठागर, शिंपला-दोन
असल्या नावांनी एकमेकांना हाका मारतो
आणि मालिका जिथे टाकून गेले
तिथून पुढे लिहितो, ज्याचा त्याचा सातवा.
एक आहे भुसावळचा, रेल्वेत सिग्नलवर.
समुद्र पाहिलेला नाही त्यानं,
लाटा मात्र त्याच्याच सगळ्यांत उंच.

घरात रेंज नाही.
सड्यावर, कातळाला जिथे चीर गेलीय
तिथे डावा पाय ठेवून उभं राहिलं
की दोन दांड्या येतात.
आई खालून ओरडते,
"वाऱ्याशी काय बोलतंस गो?"

एकदा कार्बन काढायचा राहिला.
गोष्टीची निळी नक्कल ऑडिटला गेली रत्नागिरीस.
आठवडाभर घशाखाली घास नाही.
पुस्तक परत आलं
तर वादळात शीड फाटतं त्या ओळीखाली
लाल पेन्सिलीनं: तपासले.
तो फोटो मी सगळ्यांना पाठवला.
भुसावळचा हसून हसून
एक मालगाडी चुकवणार होता म्हणे.

शिंपला-दोन हसत नसे.
शिंपला-दोन चुका काढी.
'तुमच्या भागात मतलई भरदुपारी सुटलीय.
मचवा बाहेर जाईल कसा?'
नाखव्याची मुलगी मी, कान लाल झाले.
तो भाग तीनदा लिहिला.
तिसऱ्यांदा उत्तर आलं: 'आता शीड भरलं.'
शाळेत कुणी असं म्हटलं नव्हतं मला,
म्हणजे माझं काही वाचलंच नव्हतं कुणी.

मग शिमग्याच्या आसपास तिचा नवा भाग आला.
खलाशी बंदरात झोपलेत,
आणि अंधारात कुठेतरी
बर्फ फोडायचं यंत्र
तीनदा खोकून सुरू होतं.

मी वाचत होते सड्यावर.
खाली आमच्या बंदरात
बर्फ फोडायचं यंत्र
तीनदा खोकलं.

विचारलं नाही लगेच. भीती वाटली,
ओळख झाली तर मैत्री राहील का याची.
चार दिवसांनी फक्त एवढंच लिहिलं:
'गियरचा दात तुटलाय त्याचा. मे महिन्यात बदलणार आहेत.'
पलीकडून बराच वेळ काही नाही.
मग: 'बदलू नका म्हणावं.'

दोन रुपयांचं तर होतं पूर्वी, आता दहा.
खाडी ओलांडायला सात मिनिटं.
झुलेखा होडेकर, ब्लाउज-परकर शिवून मिळतील.
माझ्याहून वीस वर्षांनी मोठी,
नवरा कुवेतला, टाचण्या ओठांत.
माझ्याकडे पाहिलं, टाचण्या काढल्या,
"वारा समजला का गो आता?"

चिंध्यांच्या गाठोड्याखाली तिच्या वह्या.
मापांच्या आकड्यांमधून चाललेला मचवा:
छाती चौतीस, बाही नऊ, आणि तांडेल म्हणाला.
मी माझी पावती-पुस्तकं काढली.
ती म्हणाली, सातवा मेलेला आहे.
मी म्हटलं, जिवंत, फक्त लाजतो.
त्यावरून जे जुंपलं
ते शेवटची तर सुटून गेली तरी चालूच.

रात्री बांगड्याचं तिखलं, भात.
शिलाई यंत्रापाशीच अंथरूण घातलं तिनं मला.
मध्यरात्री ते खोकलं, इकडून जरा लांब, जरा मऊ.
दोघी जाग्या होतो. कुणी बोललं नाही.

पहाटे ती उठायच्या आत
पडवीच्या कडेला उकिडवी बसून
माझं ताट मी घासून
पालथं घातलं.